चौसष्ट मुलांचा वर्ग आणि आईच्या पाटल्या



मृगाचा पाऊस पडला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. मे महिन्यात साखरांब्याला पाणी का सुटलं आणि कुरडया लाल का झाल्या, असं विचारणाऱ्या तुम्ही सगळ्या जूनमध्ये एकदम डबा, दप्तर आणि शाळा यांवर येता. यंदाच्या ढिगातलं एक पत्र मात्र मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. लिहिणारीचं नाव-गाव सांगत नाही. पण वाचाल तर तुमच्यापैकी पुष्कळजणींना वाटेल, हे आपणच लिहिलंय की काय!

ती लिहिते : ‘ताई, माझा मुलगा यंदा पहिलीत गेला. शाळा जुनी, नावाजलेली. माझे मिस्टर आणि दीर तिथेच शिकले. पण वर्गात चौसष्ट मुलं आहेत. एकेका बाकावर तीन-तीन. जाऊबाईंनी त्यांच्या मुलीला गावाबाहेर निघालेल्या नव्या शाळेत घातलंय. तिथे वर्गात पंचवीसच मुलं, पण फी वर्षाला सत्तर हजार. ह्यांचा पगार तुम्हाला काय सांगू! माझ्या आईनं लग्नात घातलेल्या पाटल्या आहेत, त्या मोडल्या तर चौथीपर्यंतची फी निघेल. हे म्हणतात, आम्ही नाही का शिकलो साठ जणांत? सासूबाई म्हणतात, सोन्याला हात लावायचा नाही. त्यापेक्षा गावाकडे ठेव, तिथल्या शाळेत सगळे वर्ग मिळून चौदा पोरं आहेत. मला रात्र रात्र झोप नाही. ताई, वर्ग लहान असला की मूल खरंच जास्त शिकतं का? पाटल्या मोडू का?’

आईच्या पाटल्या मोडायला निघालेल्या बाईला गुळमुळीत उत्तर देऊन चालत नाही. ‘मूल हुशार असलं की कुठेही शिकतं’ हे वाक्य मी तिला ऐकवणार नाही. ते म्हणणाऱ्यांची मुलं बहुधा आधीच शिकून मोकळी झालेली असतात!

आधी साधा हिशेब मांडू या, दूधवाल्याचा मांडतो तसा. शाळेतली तासिका पस्तीस मिनिटांची. वर्गात चौसष्ट मुलं असली आणि बाईंनी हजेरी, फळा पुसणं, ‘बाई, ह्यानं माझी पेन्सिल घेतली’ हे सगळं बाजूला ठेवून पुरा वेळ मुलांना सारखा वाटला, तर एकेकाच्या वाट्याला येतात तेहतीस सेकंद. पंचवीस मुलं असतील तर चौऱ्याऐंशी. वह्यांचं तसंच. एका वहीला एक मिनिट धरलं तरी चौसष्ट वह्यांना तासाहून जास्त वेळ लागतो, आणि तो एका विषयाचा. तेव्हा ज्या बाईंनी तुमच्या मुलाच्या वहीवर न वाचताच बरोबरची खूण केली, त्यांच्यावर फार रागावू नका. मीही त्यातलीच होते.

हो, मी अकरा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आहे. माझ्याकडे दुसरीचा वर्ग असायचा आणि पट कधी साठाच्या खाली गेल्याचं आठवत नाही. एका वर्षी तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला एक मुलगा बसायचा. त्याला आपण सुभाष म्हणू, हे त्याचं खरं नाव नाही. शांत, स्वच्छ, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. वाचायला उभा केला की पुस्तकातला धडा घडाघडा म्हणायचा, एक अक्षर चुकायचा नाही. मी त्याला ‘छान, बस’ म्हणायची आणि दंगेखोरांकडे वळायची. साठ मुलांच्या वर्गात शांत मुलासारखं सुख नाही, बाईला.

जानेवारीत प्रगतिपुस्तकं द्यायच्या दिवशी त्याची आई आली. घरोघरी पोळ्या करायची. अक्षरओळख नव्हती तिला. मी सांगितलं, मुलगा चांगला वाचतो. ती घुटमळली आणि म्हणाली, ‘बाई, पुस्तक वाचतो, मग वाण्याच्या पुडीवरचं का नाही वाचत? मी इचारलं तर नुसता बघत राहतो.’ मी पुस्तक उघडून धड्याच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा शब्द कोणता? त्यानं डोळे मिटले आणि धडा पहिल्यापासून म्हणायला लागला. त्याला एकही शब्द वाचता येत नव्हता. दुसऱ्यांचं ऐकून ऐकून त्यानं पुस्तक पाठ केलं होतं. जूनपासून जानेवारीपर्यंत तो रोज माझ्यासमोर बसत होता. जे मला आठ महिन्यांत कळलं नाही, ते त्या माउलीला डाळीच्या पुडीवरून कळलं.

पुढे मी त्याला मधल्या सुट्टीत घेऊन बसायला लागले. थोडं सुधारलं, सगळं नाही. मार्चमध्ये वर्ग तिसरीत गेला आणि माझ्यापुढे नवी साठ मुलं आली. मला अजून वाटतं, त्या वर्षी माझ्याकडे तीसच मुलं असती तर दिवाळीच्या आत मला हे उमगलं असतं.

पण एका मास्तरणीच्या हळहळीवर कुणी पाटल्या मोडू नयेत. म्हणून हा प्रश्न जगात कुणी नीट तपासून पाहिलाय का, ते सांगते.

तपासून पाहणं वाटतं तितकं सोपं नाही हं. नुसती लहान वर्गाची शाळा आणि मोठ्या वर्गाची शाळा घेऊन गुण ताडून पाहिले, तर काहीच कळत नाही. लहान वर्गाच्या महागड्या शाळेत शिकलेल्या, सुखवस्तू आईबापांची मुलं जातात. ती पुढे गेली तर ते वर्गामुळे की घरच्या पुस्तकांमुळे? शेजारणीचे पापड फुलले ते तिच्या पापडखारामुळे की तिच्या गच्चीवर ऊन जास्त म्हणून, हे कसं ठरवायचं? एकच पीठ मळायचं, एकाच उन्हात वाळवायचं आणि खार तेवढा निराळा घालून पाहायचा. मगच कळतं.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ साली नेमकं हेच केलं. ७९ शाळा घेतल्या. बालवर्गात आलेली सहा हजारांहून जास्त मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन प्रकारच्या वर्गांत वाटली. पहिला प्रकार १३ ते १७ मुलांचा, दुसरा २२ ते २५ मुलांचा, आणि तिसरा तेवढ्याच २२ ते २५ मुलांचा, पण बाईंच्या हाताखाली एक मदतनीस. शिक्षकही चिठ्ठीनंच वाटले. शाळेची इमारत एकच, गाव एकच. बदलला तो फक्त वर्गाचा आकार. बालवर्गापासून तिसरीपर्यंत, म्हणजे १९८९ पर्यंत, चार वर्षं हे चाललं. चौथीत सगळी मुलं पुन्हा नेहमीच्या वर्गांत गेली.

आणि निकाल? लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे निघाली. फार नाही, पण स्पष्ट. ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये तो सगळा हिशेब पुन्हा तपासला. त्यांचं उत्तर आपल्या भाषेत सांगायचं तर असं : शंभर मुलं गुणांप्रमाणे रांगेत उभी केली, तर लहान वर्गात बसलेलं मूल पहिल्याच वर्षी साधारण चार जागा पुढे सरकतं, आणि त्यानंतर दर वर्षी एखादी जागा आणखी. बहुतेक फायदा लहान वर्गातल्या पहिल्याच वर्षात होतो, हे विशेष.

तुम्ही म्हणाल, चारच जागा? त्यासाठी का पाटल्या मोडायच्या? थांबा. हा सगळ्यांचा मिळून काढलेला आकडा. गरीब घरच्या आणि काळ्या मुलांना झालेला फायदा याहून बराच मोठा होता. आणि तो टिकला. पुढे ती मुलं मोठी होऊन कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेला बसण्याच्या वयाची झाली, तेव्हा नेहमीच्या वर्गांत शिकलेल्या शंभर काळ्या मुलांपैकी सुमारे बत्तीस त्या परीक्षेला बसली होती, आणि लहान वर्गांत शिकलेल्या शंभरांपैकी सुमारे चाळीस. बालपणातली तीन-चार वर्षं लहान वर्गात काढली, एवढाच काय तो फरक.

कारण उघड आहे. ज्याच्या घरी संध्याकाळी पाटीजवळ बसायला कुणी आहे, त्याचं वर्गात राहिलेलं घरी भरून निघतं. सुभाषसारख्याचं जे काही व्हायचं ते वर्गातच, आणि चौसष्टांच्या वर्गात त्याला लपायला जागा मिळते. पंधरांत मिळत नाही. लहान वर्गाचा मोठा गुण बाईंना जास्त शिकवता येतं हा नसून मुलाला लपता येत नाही हा आहे, असं माझं मत.

एक गंमत सांगायची राहिली. मदतनीस दिलेल्या त्या मोठ्या वर्गांत जवळजवळ काहीच फरक पडला नाही! तेव्हा ‘आमच्याकडे वर्गात दोन-दोन टीचर असतात’ असं सांगणाऱ्या शाळेला जरूर विचारा, दुसरी टीचर करते काय? मुलांचे डबे उघडून देते की मुलांना वाचायला घेऊन बसते?

इथवर वाचून आमची पत्रलेखिका सोनाराकडे जायला निघाली असेल, तर तिला हाक मारून परत बोलवा. गोष्ट अजून अर्धी आहे.

टेनेसीचे निकाल पाहून १९९६ मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं एकदम सगळीकडे लहान वर्ग करायला घेतले. तिसरीपर्यंतचे तीस-तीसचे वर्ग विसांवर आणायचे आणि शाळांना त्यासाठी पैसे द्यायचे. वर्ग वाढले तसे शिक्षक कमी पडले. मग पुरतं शिक्षण न झालेल्या हजारो नव्या शिक्षकांना घाईघाईनं वर्गावर उभं केलं. बऱ्या वस्तीतल्या शाळांत जागा निघाल्या, तशा गरीब वस्तीतल्या अनुभवी बाई तिकडे निघून गेल्या. ग्रंथालयात, सभागृहात वर्ग भरले. एवढा पैसा ओतून मुलांच्या शिकण्यात किती फरक पडला, ते धड सांगता येईना. घरात पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी वाढवतो ना, तसं झालं.

इस्राएलची कथा तर याहून जुनी. बाराव्या शतकात मायमोनिडीज नावाच्या ज्यू पंडितानं नियम लिहून ठेवला : पंचवीस मुलांना एक शिक्षक, त्याहून जास्त, पण चाळीसपर्यंत असली तर हाताखाली मदतनीस, आणि चाळीसच्या वर गेली की दोन शिक्षक. आजही तिथल्या सरकारी शाळांत एकेचाळिसावं मूल आलं की वर्गाचे दोन वर्ग करतात. अशा फुटून लहान झालेल्या वर्गांतली पाचवीची मुलं जास्त गुण मिळवतात, असं दोन संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं. मग त्याच दोघांनी, आणखी काही जणांना सोबत घेऊन, पुढच्या वर्षांची माहिती तपासली आणि २०१९ मध्ये प्रामाणिकपणे लिहिलं की या वेळी तसा फायदा दिसत नाही. आपलीच जुनी पाककृती चुकली असं छापून सांगणारी माणसं थोडी. म्हणून मला त्यांचा आदर वाटतो.

आता आपल्या मुंबईत येऊ. मला सगळ्यात पटलेली गोष्ट इथलीच आहे.

मुंबईत १९९०च्या दशकात ‘प्रथम’ ही संस्था सुरू झाली. महापालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीत जाऊनही ज्यांना वाचता येत नाही, साधी बेरीज जमत नाही, अशा मुलांसाठी तिनं ‘बालसखी’ नेमल्या. बालसखी म्हणजे बहुधा त्याच वस्तीतली, शाळा पुरी केलेली एखादी तरुण मुलगी. सुरुवातीला दोन आठवड्यांचं शिक्षण आणि महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. शाळा चालू असतानाच ती मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर काढायची आणि व्हरांड्यात, कोपऱ्यात, जागा मिळेल तिथे त्यांना घेऊन बसायची. पुस्तकातला तिसरीचा धडा नाही हं. त्यांना जिथपासून येत नाही तिथपासून. ‘क’ला काना ‘का’पासून.

हे कितपत लागू पडतं, ते २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत तपासलं गेलं. कोणत्या शाळेतल्या कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची, हे पुन्हा चिठ्ठीनंच ठरवलं. तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो होते. या दोघांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच कामांसाठी. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर, हे मी माझ्या समाधानासाठी सांगून ठेवते!) बालसखी मिळालेल्या वर्गांचे गुण पहिल्या वर्षी वाढले, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट वाढले. सगळ्यात जास्त वर आली ती सगळ्यात मागे असलेली मुलं.

पण माझं लक्ष निराळ्याच ओळीवर खिळलं. मागे पडलेली वीस मुलं बाहेर गेली, म्हणजे रोज दोन तास आतला वर्गही लहान झाला की! तेच बाई, तोच फळा, पण मुलं कमी. मग आत राहिलेल्या मुलांचे गुण वाढले का? नाही वाढले. त्यांचा वर्ग लहान झाला, पण शिकवणं होतं तसंच राहिलं. बाई फळ्यावर लिहीत होत्या, मुलं उतरून घेत होती. फळ्यावरचं साठांनी उतरवलं काय नि चाळीसांनी उतरवलं काय, सारखंच.

म्हणजे बाई, लहान वर्ग ही नुसती मोठी कढई समजा. जागा मिळते. पण तळणारीनं भजी उलटलीच नाहीत तर कढई काय करील?

आता पत्रातल्या एकेकाचं म्हणणं घेते.

तुमचे मिस्टर म्हणतात, आम्ही साठांत शिकलो. शिकले, खरं आहे. पण त्या साठांतले पहिलीत शेवटच्या बाकावर बसलेले किती जण दहावीपर्यंत टिकले, ते त्यांना विचारा. जे टिकले तेच आज ‘आम्ही शिकलो’ म्हणायला आहेत. आणि पहिलीत त्यांना संध्याकाळी कोण घेऊन बसायचं, तेही विचारा. सासूबाई असतील बहुतेक.

सासूबाईंचा सल्ला ऐकायला गोड आहे, पण चौदा मुलांची शाळा आणि चौदा मुलांचा वर्ग या दोन गोष्टी वेगळ्या. आपल्या राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा हजारोंनी आहेत. तिथे पहिली ते चौथी सगळी मुलं एकदोन शिक्षकांपुढे बसतात. पहिलीला फळ्यावर लावून द्यायचं, तोवर तिसरीचं गणित, मध्येच पोषण आहाराचा हिशेब आणि वरून मागवलेली माहिती. हे कसब अंगी असलेले गुरुजी मी पाहिलेत. त्यांच्या हाताखाली मुलं सोन्यासारखी तयार होतात. तुमच्या गावचे गुरुजी तसे आहेत का, ते पाहिल्यावाचून चौदा आकड्याला भुलू नका. शिवाय सहा वर्षांचं पोर आईपासून दूर ठेवायचं, त्याचं काय?

आणि जाऊबाईंची शाळा. तिथे पंचवीस मुलं आहेत, हे त्यांच्या माहितीपत्रकावरून कळलंय की वर्गात डोकावून? पुष्कळ शाळा एकूण मुलांना एकूण शिक्षकांनी भागून आकडा छापतात. त्यात ड्रिलचे सर, चित्रकलेच्या बाई, सगळेच मोजतात. शिक्षण हक्क कायद्यानं, २०१० पासून, प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा असं ठरवून दिलंय. पण तो हिशेब साऱ्या शाळेचा, त्यामुळे कागदावर तीस आणि तुकडीत पन्नास, असं सर्रास चालतं. म्हणून विचारायचं ते असं : या तुकडीच्या हजेरीपटावर नावं किती? पहिलीला कोण शिकवतं, मुरलेल्या बाई की नुकतीच लागलेली मुलगी? त्या गेल्या वर्षीही इथेच होत्या का? लहान वर्गाच्या कितीतरी नव्या शाळांत पगार इतके तुटपुंजे असतात, की बाई दिवाळीपर्यंतही टिकत नाहीत. वर्षात तीन बाई बदलल्या, तर पंचवीस मुलांचा वर्ग असून काय उपयोग? शक्य झालं तर जुन्या एखाद्या मुलाची वही मागून पाहा. चुकलेल्या गणितापुढे बरोबरची खूण दिसली तर समजा, इथेही वही कुणी वाचत नाही.

तर मग पाटल्या? माझं सांगणं असं की, घाई करू नका. आधी सुभाषच्या आईनं केलं ते करा. मुलाचं पुस्तक मिटून ठेवा. डाळीची पुडी घ्या, बसची पाटी घ्या, वर्तमानपत्रातला मथळा घ्या. शब्दावर बोट ठेवा, पहिला नाही, मधला. पहिलीचं मूल, तेव्हा जूनमध्ये अपेक्षा करू नका. गणपतीनंतर चार-पाच साधी अक्षरं आणि दिवाळीनंतर बिनजोडाक्षरी शब्द आले तर ठीक चाललंय म्हणा. येत असेल तर चौसष्टांतही तुमचं मूल लपलेलं नाही. पाटल्या डब्यात राहू द्या.

येत नसेल तर बाईंना भेटा. तक्रार घेऊन नव्हे. वर्ग सुटल्यावर पाच मिनिटं मागा आणि विचारा, ‘ह्याला काय येतं आणि काय अडतं?’ ज्या बाईंना चौसष्टांतल्या तुमच्या मुलाबद्दल दोन गोष्टी धड सांगता येतात, त्या बाईंना सोडून कुठे जाऊ नका. सांगता आल्या नाहीत, तरी तुम्ही विचारल्यावर उद्यापासून त्यांची नजर त्याच्यावर जाईल. हे मी अनुभवानं सांगते. सुभाषची आई जुलैमध्येच आली असती तर!

मग बालसखीचा धडा गिरवा. तुमच्याच इमारतीत, वाड्यात पहिली-दुसरीतली चार-पाच मुलं असतीलच. दुपारी चार ते साडेचार त्यांना घेऊन बसा. तुम्ही बी.ए. असायला नको, बालसखी तरी कुठे होत्या? धडा पुढे न्यायचा नाही, ज्याचं जिथे अडलंय तिथपासून घ्यायचं. आणि तिसरी-चौथीतली एखादी चुणचुणीत मुलगी हाताशी धरा. मोठ्यांनी लहानांना शिकवणं ही आपल्या जुन्या शाळांची रीतच होती. अठराव्या शतकाच्या अखेरीला मद्रासमध्ये अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्यानं मुलं वाळूत अक्षरं गिरवतात, मोठी धाकट्यांना शिकवतात, हे पाहिलं. त्यानं आपल्या शाळेत तसं करून पाहिलं, १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापलं, आणि ती रीत साऱ्या इंग्लंडात पसरली. तेव्हा शेजारची सोनू तुमच्या बाळ्याला बाराखडी शिकवत असेल, तर तिला लुडबुड म्हणू नका.

आणि एक काम जरा हिमतीचं. शाळा अनुदानित किंवा सरकारी असेल तर तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं त्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. आपण सभेला जातो, चहा-बिस्किटं घेतो, सही करून घरी येतो. पुढच्या सभेला तुम्ही पाच जणी मिळून उभ्या राहा आणि म्हणा : नवी तुकडी, नवा शिक्षक मिळेल तेव्हा मिळेल, पण रोज वाचनाच्या एका तासाला पहिलीचे दोन भाग करा. अर्धी मुलं मैदानावर ड्रिलच्या सरांकडे, अर्धी वर्गात बाईंजवळ, मग उलट. चौसष्टांचे बत्तीस होतात, खर्च एक पैशाचा नाही. माझ्या शेवटच्या दोन वर्षांत आमच्या मुख्याध्यापकांनी मला हे करू दिलं होतं. पहिल्याच आठवड्यात मला तीन ‘सुभाष’ सापडले.

हे सगळं करूनही दिवाळीनंतर मुलगा अडकलेलाच राहिला, बाईंना त्याची दाद नाही, आणि जाऊबाईंच्या शाळेतले मुरलेल्या बाईंचे पंचवीस खरोखरच पंचवीस निघाले, तर मात्र मी तुम्हाला अडवणार नाही. पैसा घालायचाच असला तर पहिली-दुसरीलाच घालावा. आपलं उलटंच चालतं. पहिलीला पोर चौसष्टांत बसवायचं आणि दहावीला कर्ज काढून दहा मुलांचा क्लास शोधायचा! पाटल्याही एकदम दोन्ही मोडायच्या नाहीत. एक मोडा, दोन वर्षांची फी काढा, दुसरीच्या अखेरीला पुन्हा पुडीवर बोट ठेवून पाहा. तोवर त्याला आपलं आपण वाचता यायला लागलं, तर तिसरीपासून परत जुन्या शाळेत आणलंत तरी मी तुम्हाला नावं ठेवणार नाही.

दिवाळीनंतर मला लिहा. मुलाला कोणता शब्द वाचता आला, तेही लिहा. आणि हो, साखरांब्याला पाणी सुटलेल्यांची पत्रं मी विसरलेले नाही. पुढच्या खेपेला आधी तुमचाच नंबर.